वाट वाहून जाते तेव्हा

टेकडीवरची पायवाट तपासायची उत्तम वेळ कोणती, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, जुलैतला जोराचा पाऊस. पकड असलेले बूट घाला, छत्री घ्या आणि चढायला लागा. वर ढग कसे उतरलेत ते बघायचं नाही. मान खाली घालून पायाखालचं पाणी बघायचं. ते कुठून वाटेवर आलं, किती लांब वाटेबरोबर चाललं, कुठं वेग घेतला, कुठं माती उचलली आणि कुठं वाट सोडून उताराला लागलं, एवढंच. अर्ध्या तासाच्या या भिजण्यातून जे कळतं ते ऑक्टोबरात चार वेळा चढून-उतरून कळत नाही. कोरड्या वाटेवर नुसती जखम दिसते, पण मारणारा कोण ते पावसातच समजतं.

वर्ध्याच्या संदर्भात डोंगरवाटांची गोष्ट काढली की पुण्या-नाशकाकडची मंडळी आधी हसून घेतात. त्यांच्या डोळ्यांपुढं वर्धा म्हणजे सेवाग्रामच्या कुट्या, कपाशीची वावरं आणि एप्रिल-मेमधलं भाजून काढणारं ऊन. त्यांचं फार चुकतं असंही नाही. जिल्ह्याचा दक्षिण भाग बराचसा सपाट आहे. पण आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू या उत्तरेकडच्या तालुक्यांत गेलं की सातपुड्याचे फाटे जमिनीतून वर यायला लागतात. गरमसूर हे तिथलं उंचावर वसलेलं गाव. ढग्याचा महादेव त्याच डोंगररांगांत, जंगलात आहे आणि महाशिवरात्रीला तिथं भाविकांची रीघ लागते. बोरचं जंगल या बाजूला आहे. दक्षिणेला समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, वर बाबा फरीद यांचा दर्गा. शहराजवळही हनुमान टेकडी आणि आयटीआयची टेकडी आहेत. वैद्यकीय जनजागृती मंच आणि निसर्ग सेवा समिती या वर्ध्याच्या संस्थांनी या उघड्याबोडक्या टेकड्यांवर झाडं लावली, जगवली, आणि आता सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथं वर्दळ असते. यातली कुठलीही चढाई सह्याद्रीच्या गडकोटांपुढं मिरवण्यासारखी नाही. मात्र पाण्याला उंचीचं कौतुक नसतं, त्याला उतार लागतो. आणि तो इथं भरपूर आहे.

हिशेबच करू. टेकडीवरची एक मीटर रुंदीची आणि शंभर मीटर लांबीची वाट घ्या. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस पडला, जो विदर्भातल्या चांगल्या पावसाळी दिवसासाठी काही जगावेगळा नाही. तर नुसत्या त्या वाटेच्या अंगावर पाच हजार लिटर पाणी पडलं. म्हणजे छपरावर ठेवतात तशा पाचशे लिटरच्या दहा टाक्या. आजूबाजूच्या गवताळ उतारावर पडलेलं पाणी मुळांशी, पालापाचोळ्याशी अडखळतं, मुरतं. वाट हजारो पावलांनी दाबून दाबून टणक झालेली असते, तिथं ते मुरत नाही. शिवाय वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खोल गेलेली असते, म्हणून वरच्या उताराचं पाणीही आयतं तिच्यात येऊन पडतं. माणसांनी चालण्यासाठी केलेली वाट पाण्याला पन्हळासारखी सोयीची होते.

पुढचं गणित जरा भीतिदायक आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचं वजन दुपटीनं वाढत नाही, चौपटीनंही नाही. जलविज्ञानातल्या जुन्या नियमाप्रमाणं ते साधारण चौसष्ट पटीनं वाढतं. म्हणजे वाटेच्या वरच्या टोकाला जे पाणी हरभऱ्याएवढा खडा हलवत होतं, तेच खाली वेग दुप्पट करून पोहोचलं की लिंबाएवढा गोटा सहज लोटतं. म्हणून वाट वरच्या वीस-तीस मीटरांत ठीकठाक दिसते आणि खाली अचानक गुडघाभर घळ होऊन बसते. घळ पडली की तिच्यात पाणी आणखी जमतं, आणखी वेग घेतं. दोन पावसाळ्यांत मुरूम सगळा गेलेला असतो आणि खालचा काळा खडक उघडा पडतो.

मग माणसं काय करतात? ती घळीतून चालत नाहीत, शेजारच्या गवतावरून चालतात. गवत मरतं, नवी वाट पडते, पुढच्या पावसाळ्यात तिचीही घळ होते. शहराजवळच्या एका टेकडीवर मी एकाच चढावर शेजारी-शेजारी पडलेल्या पाच वाटा मोजल्या आहेत. पाचही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. लांबून त्या उताराकडं बघितलं तर कुणी वाघनखांनी ओरबाडल्यासारखा दिसायचा.

दोष चालणाऱ्यांचा असतो असं आपण पटकन म्हणतो. मला तो जास्त करून वाट आखणाऱ्याचा वाटतो, किंवा कुणीच न आखण्याचा. मंदिर समोर दिसतं, म्हणून नाकासमोर वर चढायचं, ही सरळ वाट म्हणजेच पाण्याचीही वाट. गुरं असं करत नाहीत. दुपारच्या उन्हात टेकडीवर शेळ्या राखणाऱ्या एका बाईंना मी विचारलं होतं, तुमची जनावरं चढतात कुठून? त्यांनी काठीनं दाखवलं. उताराला आडवी, हळूहळू चढत जाणारी, मध्येच वळसा घेऊन उलट्या दिशेनं जाणारी एक बारीक रेघ होती. “सरळ चढलं तर ढोरं धापलते काकाजी, अन् पान्यानं वाट बी राहत नाई,” त्या म्हणाल्या. वाटांची देखभाल करणाऱ्या जगभरच्या मंडळींनी जो नियम हस्तपुस्तिकांत लिहून ठेवला आहे, त्यात याहून वेगळं फारसं नाही. नियम असा: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगराचा उतार शंभराला तीस असेल तर वाटेचा चढ शंभराला पंधराच्या आत. आणि एकूण सरासरी शंभराला दहाच्या आसपास राहिली तर वाट दीर्घायुषी होते. या निम्म्याच्या नियमामागचं कारण सोपं आहे. वाट उताराला पुरेशी आडवी असली की तिच्यावर आलेलं पाणी तिच्याबरोबर चालत बसत नाही, ओलांडून खाली निघून जातं.

ते निघून जावं म्हणून वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवतात. मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर. डोळ्याला जाणवतही नाही. पण ओंजळभर पाणी ओतून बघितलं की ते वाटेवर रेंगाळत नाही. अंगणाला किंवा न्हाणीला गवंडी जो ढाळ देतो, तीच ही गोष्ट.

जुनी, सरळ चढणारी वाट मात्र एका रात्रीत हलवता येत नाही. तिथं पाणी वळवण्यासाठी आडवे दगड बसवावे लागतात. हे काम दुरून अगदी किरकोळ दिसतं, म्हणून ते जवळून सांगतो.

आधी जागा शोधायची. जिथं पाणी वेग घ्यायला लागतं त्याच्या थोडं वर, आणि जिथून ते बाहेर सोडलं तर खाली कुणाच्या वावरात किंवा वाटेच्याच पुढच्या वळणावर येऊन पडणार नाही अशी. मग वाटेला आडवा, पण काटकोनात नाही, तिरपा चर खणायचा. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत. टिकासानं मुरूम फोडायचा, फावड्यानं घमेल्यात भरायचा, तो मुरूम फेकून द्यायचा नाही, खालच्या घळीत भरायला ठेवायचा. दगड मोठा लागतो, एका माणसाला उचलवू नये असा. एकट्यानं आरामात उचललेला दगड पाणीही आरामात उचलतं. सब्बलीनं तो उलटत-पालटत आणायचा, सपाट बाजू चढाकडं करून चरात बसवायचा आणि त्याचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत जाईल इतकं खोल गाडायचं. वर दिसतं ते हिमनगाच्या टोकासारखं, जेमतेम वीतभर. दोन दगडांच्या मध्ये फट राहिली की पाणी तिथूनच घुसतं, म्हणून फटीत बारीक चिपा ठोकायच्या. दगडावर उभं राहून दोन्ही पायांनी डोलायचं. दगड हलला तर काढून पुन्हा बसवायचा. शेवटी वाटेबाहेर पाण्याला निघायला रुंद तोंड करायचं आणि त्या तोंडापुढं पाणी पडेल तिथं गोटे अंथरायचे, नाहीतर तिथंच नवी घळ सुरू होते.

चार माणसांना असा एक दगड नीट बसवायला दोन तास लागतात. शंभराला दहाच्या चढावर पंचवीसेक मीटरला एक दगड पुरतो; चढ वाढला की अंतर कमी करत जायचं. टिकास चालवणाऱ्यापासून बाकीच्यांनी निदान तीन मीटर लांब राहायचं, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना पटतो आणि तासाभरात सगळे विसरतात.

गिरडच्या टेकडीची एक कथा इथं आठवते. बाबा फरीद यांच्याशी उर्मटपणे बोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे, नारळ-जायफळांचे दगड झाले, अशी आख्यायिका तिथं सांगतात. टेकडीवर सापडणारे गोल गोटे म्हणजे तोच माल. भूगर्भशास्त्र सांगतं की हे सगळे लाव्हाचे प्रदेश आहेत. थंड होणाऱ्या लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये खनिजं साचून असे गोटे तयार होतात आणि भोवतालचा मऊ दगड झिजला की सुटे होतात. कथा कुठलीही माना, वाटेवर काम करणाऱ्याला त्यातून एक गोष्ट कळायला हवी: दख्खनच्या खडकातून सुटणारा गोल गोटा उतरणीवर पायाखाली आला तर माणूस सायकलच्या छर्‍यांवरून घसरावा तसा घसरतो. वाट झाडताना मी आधी हे गोटे वेचतो. ते पाणी निघण्याच्या तोंडाशी अंथरायला उत्तम.

आता प्रश्न येतो की हे करणार कोण. आणि इथं वर्धा जिल्हा सह्याद्रीच्या पुढं आहे, असं मी बिनदिक्कत म्हणतो.

2017 सालच्या पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये राज्यातून पहिला आला तो आर्वी तालुक्यातला काकडदरा. डोंगरातलं छोटं गाव, वस्ती मुख्यतः कोलाम आदिवासींची. 8 एप्रिल ते 22 मे असे पंचेचाळीस दिवस ही स्पर्धा होती. वर्ध्यात त्या दिवसांत दुपारी बारानंतर कुत्रंही सावली सोडत नाही. तेव्हा गावानं पहाटे आणि संध्याकाळी टिकास-घमेली घेऊन उतारांवर समतल चर खणले, दगडी बांध घातले, पाणी अडवलं आणि पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस घेतलं. बातम्यांनी पैशाचा आकडा मोठा छापला. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. ज्या गावानं पंचेचाळीस दिवस डोंगर-उतारावर पाणी कसं वागतं हे हातानं शिकून घेतलं, त्या गावात वाट राखणारे तज्ज्ञ घरोघर तयार झाले. समतल रेषा काढता येते, दगड गाडता येतो, पाण्याला तोंड कुठं द्यायचं ते कळतं. यापेक्षा जास्त काही वाटेच्या कामाला लागत नाही.

फरक हेतूचा आहे. चर पाण्याला थांबवतो, वाटेनं पाण्याला लवकर सोडायचं असतं. दोन्ही कामं एकाच टेकडीवर जोडून केली तर बहार येते: वाटेवरचा आडवा दगड पाणी बाहेर ढकलतो, आणि चार पावलांवर समतल चर ते झेलून मुरवतो. मी पाहिलं आहे की पाणलोटाचं काम करणारे आणि फिरायला येणारे यांची मात्र एकमेकांशी ओळख नसते. पहिल्यांना वाट दिसत नाही, दुसऱ्यांना चर म्हणजे पाय मुरगाळायचा खड्डा वाटतो. एका टेकडीवर तर फिरायला येणाऱ्या कुणीतरी सोयीसाठी चराच्या बांधाला खिंड पाडून वाट काढली होती. त्या एका खिंडीतून पहिल्याच मोठ्या पावसात वरचे तीन चर रिकामे झाले.

अंगमेहनतीनं सार्वजनिक काम करण्याचं वळण या मुलखाला नवं नाही. 1935 साली गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीत राहत होते. तेव्हा त्यांचे सहकारी, त्यात महादेवभाई देसाई आणि मीराबहनही होत्या, रोज सकाळी लागूनच असलेल्या सिंदी गावात जाऊन वाटेच्या कडेची घाण उचलत. महिनोन्महिने. गावकऱ्यांच्या सवयीत फारसा फरक पडत नव्हता आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी पुन्हा हजर. पवनारला विनोबांचा आश्रम धाम नदीकाठच्या टेकडावर आहे. तिथं शेतात खणताना भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प सापडलं, ही हकीकत वर्ध्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. शरीरश्रम हे गांधीजींच्या एकादश व्रतांतलं एक व्रत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा खराटा आणि मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराज. त्यांची ग्रामगीता 1955 ची, आणि गावच्या रस्त्यापासून सगळं गावानं आपल्या हातानं करावं हा तिचा जीव. विदर्भातल्या खेड्यात अजूनही म्हाताऱ्या माणसाला ‘श्रमदान’ शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण याच शब्दाचं पुढं काय झालं तेही बघितलं पाहिजे. आता श्रमदान एका दिवसाचं असतं आणि दोन ऑक्टोबरला असतं. एका टेकडीवर अशा दिवशी दोनशे माणसं आणि वीस फावडी मी पाहिली. फलक मोठा, नाश्ता चांगला, भाषणं बरी. नऊ वाजता फोटो झाले, साडेनऊला टेकडी रिकामी. कुणीतरी उत्साहात वाटेच्या दोन्ही कडांचं गवत मुळासकट उपटून वाट ‘स्वच्छ’ केली होती. त्या गवतानंच कडा धरून ठेवल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात वाट दीडपट रुंद झाली. सिंदीतला धडा नेमका याच्या उलट होता. तिथं काम छोटं होतं आणि ते रोज होतं.

याबाबतीत अमेरिकेतल्या ॲपलाचियन वाटेची व्यवस्था शिकण्यासारखी आहे. 1921 मध्ये बेंटन मॅकाय यांनी ती कल्पना मांडली आणि 1937 मध्ये वाट सलग झाली. चौदा राज्यांतून जाणारी, जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरची. एवढी वाट मुख्यतः स्वयंसेवक राखतात, आणि ते जमतं कारण सगळी वाट सगळ्यांची नसते. ती तीसेक स्थानिक क्लबांत वाटून दिलेली आहे, आणि क्लबातही एकेका माणसाकडं एकेक तुकडा असतो. तो माणूस वर्षातून ठरलेल्या वेळी जातो, पडलेली झाडं बाजूला करतो, आडव्या दगडांमागं साचलेला गाळ उपसतो, खुणेचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवतो. आपल्याकडं असंच काही व्हायचं तर फार मोठी संस्था काढायला नको. टेकडीवर रोज येणारी चार घरं, प्रत्येकी दोनशे मीटर. गाळ उपसायला एका दगडामागं दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं जून-जुलैत दिली नाहीत तर गाळ दगडाच्या माथ्यापर्यंत चढतो, पाणी दगडावरून उडी मारतं आणि दोन तास राबून बसवलेला दगड नुसता पायरी म्हणून उरतो.

आपल्याकडं वाट राखण्याची एक जुनी, न लिहिलेली पद्धत आहे. तिच्याकडं गिर्यारोहकांच्या जगाचं लक्ष जात नाही, कारण ती भक्तीच्या खात्यात मोडते. विदर्भातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या डोंगर चढतो तो महादेवासाठी. महाशिवरात्रीला पचमढीच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन, आणि नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत नागद्वारला. नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून जेमतेम दहा-बारा दिवस उघडते. ऐन पावसाळ्यात, शेवाळलेल्या खडकांवरून, दोर धरून उतरावं लागतं अशा जागा आहेत. तिथं नागपूर-विदर्भाकडची सेवा मंडळं तंबू ठोकून मुक्काम करतात, येणाऱ्याला जेवू घालतात. चढणारा ओळखीचा असो-नसो, “हर हर महादेव” म्हणत हात देऊन वर ओढतात. जाणारे दरवर्षी तेच, म्हणून कुठला खडक निसरडा आणि कुठलं वळण फसवं हे त्यांना पाठ. वाटेविषयीचं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात न राहता मंडळात राहतं. कागदावर काही नसतं आणि तरी ते पुढं जातं. भंडाऱ्यानंतर उरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्रावळी हा या गोष्टीचा दुसरा, कमी सुंदर भाग. पत्रावळी पळसाच्या पानाच्या होत्या तोवर तो प्रश्न नव्हता.

वाट राखायला निघालेल्यानं काही ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो. बोर 1970 मध्ये अभयारण्य झालं आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. तिथल्या वाटा वाघाच्या, अस्वलाच्या, आणि ड्युटीवरच्या वनरक्षकाच्या. आपण तिथं कितीही चांगल्या हेतूनं सब्बल घेऊन गेलो तरी गुन्हा तो गुन्हाच. राखीव जंगलात कुठंही फांदी तोडण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. यात वेळ जातो, चकरा होतात, पण वनरक्षक एकदा बरोबर आला की त्याला जे माहीत असतं ते कुठल्या पुस्तकात नसतं. 15 फेब्रुवारीपासून जंगलात वणव्याचा मोसम धरतात. त्याआधी वनखातं जाळरेषा काढून घेतं, म्हणजे पट्ट्यातला पालापाचोळा, गवत काढून जमीन मोकळी करतं, की आग आली तर तिला ओलांडायला खायला काही नसावं. स्वच्छ ठेवलेली पायवाट अशा वेळी अर्धवट जाळरेषेचं काम करते. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात, तिथून ठिणगी सुटते. त्या दिवसांत टेकडीवर जाणाऱ्यानं धूर दिसला तर फोन करायचा आणि स्वतः शूरपणा करायचा नाही.

आणि घाणेरी. आमच्याकडं तिला रायमुनियाही म्हणतात, आणि फुलं इतकी गोड दिसतात की नवखा माणूस फोटो काढत बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी हिंदुस्थानात आणलेलं हे झुडूप आता वाटेच्या दोन्ही बाजूंनी येऊन कमरेएवढा बोगदा करतं. कोयत्यानं छाटलं की एका फांदीच्या पाच होऊन येते. दिल्लीच्या सी. आर. बाबू या शास्त्रज्ञांनी यावर साधा उपाय रूढ केला: जमिनीच्या वरून न छाटता, माती थोडी उकरून खोडाखालचं मूळ तीन-चार बोटं खोल तोडायचं आणि सगळं झुडूप मुळं आकाशाकडं करून उलटं ठेवायचं. टिकासाच्या रुंद बाजूनं हे छान होतं. फळं धरायच्या आधी करावं. पण वाटेच्या कडेला तिच्या मुळांनी मुरूम धरलेला असेल तिथं एकदम सगळं काढू नये. मी एकदा काढलं. त्या वर्षी सगळी कड खाली बसली, आणि वरची वाट कुत्र्यानं चावलेल्या भाकरीसारखी दिसू लागली. आता मी एक झुडूप काढतो, त्या जागी गवताचे ठोंब लावतो, आणि दुसऱ्याला पुढच्या वर्षी हात लावतो.

वर्ध्यात या कामाला वर्षातून दोन खिडक्या मिळतात. एक दिवाळीच्या आसपास, जमिनीत ओल असते तेव्हा. मुरूम तेव्हा लोण्यासारखा निघतो आणि बसवलेला दगड लवकर पकडतो. दुसरी मेच्या शेवटी, पहाटे पाच ते आठ, पावसाआधीची डागडुजी. तेव्हा खणणं म्हणजे सिमेंट फोडण्यासारखं. माणसी तीन लिटर पाणी लागतं, आणि दगड उलटवताना हात नव्हे, सब्बल आधी घालायची, कारण उन्हाळ्यात फुरसं नेमकं दगडाखालच्या गारव्यात असतं. आठनंतर काम बंद, मग कितीही थोडं राहिलेलं असो.

गेल्या मेमध्ये आम्ही सहा जणांनी एका चढावर पाच दगड बसवले. त्यात एक निवृत्त मास्तर, दोन कॉलेजची पोरं, एक ऑटोवाला भाऊ, शेळ्यांवाल्या बाई आणि मी. बाई दगडाला हात लावत नव्हत्या. त्या नुसत्या उभं राहून सांगायच्या, “थोडा इकडं घ्या, पानी तिकडं जाते.” पोरांनी सुरुवातीला दुर्लक्ष केलं, मग दोघंही त्यांना विचारूनच टिकास उचलायला लागली.

पहिला पाऊस 14 जूनला संध्याकाळी आला. छत्री घेऊन मी आणि मास्तर वर गेलो. पहिल्या दगडाशी लालसर पाणी आलं, थबकलं, दगडाच्या अंगानं सरकलं आणि गोट्यांवरून चरात पडलं. दुसऱ्याशी तसंच. तिसऱ्या दगडावरून मात्र ते उडी मारून सरळ खाली गेलं. मास्तरांनी छत्री माझ्या हातात दिली, खाली बसले आणि बोटांनी चाचपून बघितलं. दगड पुरेसा तिरपा नव्हता. बाईंनी तिथंच दोनदा सांगितलं होतं आणि आठ वाजून गेले म्हणून आम्ही तो तसाच सोडला होता. मास्तर उठले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, “उद्या सब्बल तुम्ही आणा. माझी पोराच्या घरी राहिली.”